अलेक्झांडर फ्लेमिंग : पुवाच्या जंतूचा आयुष्यभर माग घेणारा संशोधक

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुका हळदीसाठी प्रसिद्ध आहे. या तालुक्यातील कुरुंदा आणि भोवतालच्या गावांत शेतात काम करताना पायात बाभळीचा काटा मोडला, उसाच्या पाचटाने हात कापला किंवा कोयत्याचा वार बोटावर बसला, तर पहिला हात जातो तो हळदीच्या डब्याकडे. बहुतेक वेळा अशी जखम भरून येते आणि माणूस ती विसरूनही जातो. परंतु कधीकधी तीच जखम चिघळते, ठणकू लागते, पू धरते, काखेत किंवा जांघेत अवधाण येते आणि अंगात ताप भरतो. शंभर वर्षांपूर्वी यापुढची वाट अनेकदा मृत्यूकडे जाणारी होती. मग रुग्ण मराठवाड्यातील खेड्यातला असो वा लंडनच्या नामांकित रुग्णालयातला.

या चिघळण्यामागे बहुधा एक अतिसूक्ष्म जंतू असतो. स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचे शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यांना द्राक्षांच्या घडासारखे दिसणारे गोल जंतूंचे पुंजके आढळले. ग्रीक भाषेतील द्राक्षघड या अर्थाच्या शब्दावरून त्यांनी या जंतूला स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. त्याच्या सोनेरी वसाहती करणाऱ्या जातीला पुढे ऑरियस म्हणजे सोनेरी हे विशेषण जोडले गेले. गळू, केसतूड, रांजणवाडी, नखुरडे, बाळंतिणीच्या स्तनातील गळू, लहान मुलांच्या हाडांत होणारा पू आणि रक्तात विष भिनवणारा ज्वर या साऱ्यांच्या मागे बहुतांशी हाच जंतू असतो. साधारणपणे दहांतील तीन निरोगी माणसांच्या नाकपुडीत तो निरुपद्रवीपणे वास्तव्य करून असतो आणि कातडीला छेद मिळताच आत शिरतो.

ऑग्स्टन यांनी या जंतूची ओळख पटवली, त्याच सुमारास स्कॉटलंडमध्येच एका शेतकऱ्याच्या घरी त्याच्यावर मात करणारा मुलगा जन्माला आला. त्याचे नाव अलेक्झांडर फ्लेमिंग. पेनिसिलिनचा शोध हा योगायोगाने लागलेला शोध म्हणून शालेय पुस्तकांतून सांगितला जातो. योगायोग होताच, परंतु तो योगायोग ओळखण्याइतकी नजर तयार होण्यासाठी या माणसाने त्याआधी वीस वर्षांहून अधिक काळ पू, जखमा आणि जंतू यांच्या संगतीत घालवला होता, हे सहसा सांगितले जात नाही.

माळरानावरचे बालपण

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील डार्व्हेल गावाजवळच्या लॉकफील्ड या शेतावर झाला. वडील ह्यू फ्लेमिंग हे मेंढ्या व गुरे पाळणारे शेतकरी होते. त्यांनी उतारवयात ग्रेस मॉर्टन यांच्याशी दुसरा विवाह केला. या विवाहातील चार अपत्यांपैकी अलेक्झांडर हे तिसरे. ते सात वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. आई आणि थोरला सावत्र भाऊ यांनी शेती सांभाळली. शाळा दूर होती आणि ती वाट पायीच तुडवावी लागे. ओढ्यात हाताने मासे पकडणे, माळावर पक्ष्यांची अंडी शोधणे, ढगांवरून पावसाचा अंदाज बांधणे या उद्योगांत मुलांचे दिवस जात. लहानसहान फरक चटकन टिपण्याची सवय फ्लेमिंग यांना याच माळरानाने लावली.

किल्मार्नॉक येथील शाळेत काही काळ शिकल्यानंतर, चौदा वर्षांचे होण्याच्या सुमारास ते लंडनला डॉक्टर असलेल्या भावाकडे राहावयास गेले. पॉलिटेक्निकमधील शिक्षण संपल्यावर घरची परिस्थिती पाहून त्यांनी एका जहाज कंपनीच्या कचेरीत कारकुनी पत्करली. चार वर्षे खर्डेघाशीत गेली. त्या कामात त्यांचे मन रमत नव्हते. परंतु वैद्यकीय शिक्षणाचा खर्च पेलण्याजोगा नव्हता. अशा वेळी एका काकांच्या निधनानंतर त्यांच्या वाट्याला २५० पौंडांचा वारसा आला. त्या रकमेच्या बळावर त्यांनी कारकुनी सोडली आणि प्रवेश परीक्षेत उत्तम यश मिळवले. लंडनमध्ये तेव्हा वैद्यकीय शिक्षण देणारी अनेक रुग्णालये होती. फ्लेमिंग यांनी पॅडिंग्टन भागातील सेंट मेरीज रुग्णालयाची निवड केली, ती केवळ या कारणाने की, त्या संस्थेच्या संघाविरुद्ध ते पूर्वी वॉटर पोलो खेळले होते.

१९०६ साली ते डॉक्टर झाले. शल्यविशारद होण्याचा त्यांचा मानस होता आणि पुढे १९०९ मध्ये त्यांनी ती पदवीही मिळवली. परंतु ते निष्णात नेमबाज होते, आणि असा खेळाडू संस्थेबाहेर जाऊ नये असे रुग्णालयाच्या रायफल क्लबच्या कप्तानाला वाटत होते. त्याच्या खटपटीने फ्लेमिंग यांना तिथल्याच लसीकरण विभागात जागा मिळाली. तात्पुरती म्हणून पत्करलेली ती जागा त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

राइट यांच्या प्रयोगशाळेत

या विभागाचे प्रमुख होते सर अल्म्रॉथ राइट. विषमज्वराच्या लसीवरील कामामुळे त्यांचे नाव झाले होते. महाराष्ट्रात प्लेगने थैमान घातले असताना नेमल्या गेलेल्या प्लेग आयोगाचे सदस्य म्हणून ते १८९८ मध्ये भारतातही येऊन गेले होते आणि हाफकिन यांच्या लसीची तपासणी करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. रोगावर खरा उपाय म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती वाढवणे, यावर राइट यांची अढळ श्रद्धा होती. वारंवार गळवे होणाऱ्या रुग्णाच्या पुवातून जंतू वाढवायचे, ते मारायचे आणि त्याच रुग्णाला त्यांची लस टोचायची, असे उपचार त्यांच्या विभागात चालत. फ्लेमिंग दिवसभर रुग्ण पाहत आणि मध्यरात्रीपर्यंत रक्ताचे थेंब व पुवाचे नमुने तपासत.

अशा लसींनी काही रुग्णांना बरे वाटले, तरी गळवांच्या जंतूला आवर बसला नाही. या जंतूवर खात्रीशीर लस तयार करण्याचे प्रयत्न त्यानंतर शतकभर झाले. परंतु तशी लस आजही उपलब्ध नाही. मात्र या कामामुळे फ्लेमिंग यांना स्टॅफिलोकॉकसच्या वसाहतींचे रंग, आकार आणि स्वभाव तोंडपाठ झाले. ते अत्यंत मितभाषी होते. भाषण करताना त्यांचा आवाज खोल जाई आणि आपले म्हणणे दुसऱ्याला पटवून देण्याची कला त्यांना कधीच साधली नाही. या उणिवेची किंमत पुढे त्यांच्या सर्वांत मोठ्या शोधाला मोजावी लागली.

युद्धातील जखमांचा धडा

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. राइट यांच्यासह फ्लेमिंग फ्रान्समधील बुलोन येथे लष्करी वैद्यकीय दलात दाखल झाले. तेथील जुगारघराच्या इमारतीत रुग्णालय आणि प्रयोगशाळा उभारण्यात आली होती. तोफगोळ्यांच्या तुकड्यांबरोबर मातीने आणि शेणखताने माखलेल्या कपड्यांच्या चिंध्या सैनिकांच्या शरीरात खोलवर घुसत. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही आठवडाभरात जखमा सडत आणि तरणीताठी माणसे डोळ्यांदेखत दगावत. त्या काळी सर्वत्र एकच उपाय रूढ होता. तो म्हणजे जखमेत कार्बोलिक आम्लासारखी जहाल जंतुनाशके ओतणे.

फ्लेमिंग यांनी या रूढ उपायाची परीक्षा घेण्याचे ठरवले. त्यांनी काचेची नळी तापवून तिला काट्यांसारखे पोकळ फाटे काढले आणि जखमेतील कानाकोपऱ्यांची प्रतिकृती तयार केली. त्यात जंतू असलेला द्रव भरून नंतर जंतुनाशकाने धुतले, तरी फाट्यांच्या टोकांशी जंतू जिवंत राहत असल्याचे त्यांनी दाखवून दिले. उलट जंतुनाशकामुळे जंतूंशी लढणाऱ्या रक्तातील पांढऱ्या पेशीच आधी मरत. वरवरच्या जखमेला ही औषधे उपयोगी असली, तरी खोल जखमेत ती अपायकारक ठरतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. सडलेला भाग काढून टाकावा, जखम मिठाच्या शुद्ध पाण्याने स्वच्छ करावी आणि शरीराच्या संरक्षक पेशींना त्यांचे काम करू द्यावे, असे त्यांचे व राइट यांचे म्हणणे होते. अनेक लष्करी शल्यविशारदांनी ते मानले नाही. जंतूला मारील परंतु पेशीला धक्का लावणार नाही, असे औषध हवे, ही जाणीव घेऊन फ्लेमिंग युद्धावरून परतले. युद्धकाळातच, १९१५ मध्ये, त्यांनी आयरिश परिचारिका सारा मॅकएलरॉय यांच्याशी विवाह केला होता.

या शोधातील पहिला टप्पा १९२१ मध्ये आला. सर्दी झाली असताना त्यांनी स्वतःच्या नाकातील स्राव जंतूंच्या तबकडीवर टाकून पाहिला आणि त्याच्याभोवतीचे जंतू विरघळत असल्याचे त्यांना आढळले. हाच पदार्थ अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकातही सापडला. त्याला लायसोझाइम असे नाव देण्यात आले. प्रयोगांना अश्रू हवेत म्हणून प्रयोगशाळेतील मंडळींच्या डोळ्यांत लिंबाचा रस पिळला जाई. निसर्गातच निरुपद्रवी जंतुनाशक असू शकते, हे यातून सिद्ध झाले. परंतु लायसोझाइमची मात्रा चालत होती ती रोग न करणाऱ्या जंतूंवर. पुवाच्या सोनेरी जंतूवर त्याचा परिणाम होत नव्हता.

तबकडीवरची बुरशी

१९२८ मध्ये फ्लेमिंग यांच्याकडे जंतुशास्त्रावरील एका मोठ्या ग्रंथासाठी स्टॅफिलोकॉकसवरील प्रकरण लिहिण्याचे काम आले. या जंतूच्या वसाहतींचे रंग कसे बदलतात, हे तपासण्यासाठी त्यांनी अनेक तबकड्यांवर तो वाढवला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीवर जाताना त्यांनी त्या टेबलाच्या एका कोपऱ्यात रचून ठेवल्या. त्यांचे टेबल नेहमीच पसाऱ्याने भरलेले असे. ३ सप्टेंबर १९२८ रोजी परतल्यावर जुन्या तबकड्या चाळताना एका तबकडीने त्यांचे लक्ष वेधले. तिच्या कडेला बुरशी उगवली होती आणि त्या बुरशीच्या आसपासच्या सोनेरी वसाहती विरघळून पारदर्शक झाल्या होत्या.

तबकडीवर बुरशी चढणे ही प्रयोगशाळेतील रोजची कटकट होती. अशी तबकडी फेकून देण्याचाच प्रघात होता. फ्लेमिंग यांनी ती जपून ठेवली, तिचे छायाचित्र घेतले आणि बुरशी वेगळी वाढवली. ही तबकडी तयार होण्यासाठी किती गोष्टी जुळून याव्या लागल्या, याचा उलगडा त्यांचे सहकारी रोनाल्ड हेअर यांनी पुढे केला. आधी हवा थंड राहिल्यामुळे बुरशीला वाढण्यास अवधी मिळाला आणि नंतर उष्मा वाढल्यावर जंतू वाढू लागले. हा क्रम उलटा झाला असता, तर परिणाम दिसलाच नसता; कारण हा पदार्थ वाढत असलेल्या जंतूची भिंत मोडतो, पूर्ण वाढलेल्या वसाहतीवर त्याची मात्रा चालत नाही. बुरशीचे बीजाणू बहुधा खालच्या मजल्यावरील बुरशीतज्ज्ञाच्या खोलीतून वर आले असावेत.

ही बुरशी पेनिसिलियम वर्गातील होती. तिच्यापासून झिरपणाऱ्या द्रवाला त्यांनी मार्च १९२९ मध्ये पेनिसिलिन असे नाव दिले. हा द्रव ८०० पट पातळ केला, तरी स्टॅफिलोकॉकसची वाढ थांबत होती. सशाला आणि उंदराला त्याने अपाय झाला नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रक्तातील पांढऱ्या पेशी त्यात सुरक्षित राहत होत्या. बुलोनच्या रुग्णालयात ज्याची उणीव भासली होती, ते गुण या द्रवात होते.

तरीही पुढची दहा वर्षे हा शोध जवळपास पडून राहिला. फ्लेमिंग यांनी फेब्रुवारी १९२९ मध्ये लंडनच्या वैद्यक संशोधकांसमोर निबंध वाचला, तेव्हा एकाही श्रोत्याने प्रश्न विचारला नाही. जूनमध्ये तो निबंध नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. क्रॅडॉक आणि रिडले या तरुण सहकाऱ्यांनी पेनिसिलिन शुद्ध करण्याचा प्रयत्न केला. परंतु ते टिकत नव्हते. फ्लेमिंग रसायनशास्त्रज्ञ नव्हते आणि तसा सहकारी त्यांना लाभला नाही. जंतूंची लागण झालेल्या उंदराला पेनिसिलिन टोचून पाहण्याचा साधा प्रयोगही त्यांनी केला नाही. तो केला असता, तर कदाचित औषध दहा वर्षे आधी हाती आले असते. त्यांच्या चरित्रातील ही मोठी उणीव होय. मात्र त्यांनी एक गोष्ट निष्ठेने केली. बुरशीचे वाण त्यांनी कधी मरू दिले नाही आणि जो मागेल त्या प्रयोगशाळेला ते मोकळ्या हाताने दिले.

ऑक्सफर्डची साथ आणि एका पोलिसाचा मृत्यू

ऑक्सफर्ड विद्यापीठात हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी १९३९ च्या सुमारास पेनिसिलिनवर नव्याने काम सुरू केले. फ्लोरी ऑस्ट्रेलियाचे, तर चेन हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू शास्त्रज्ञ. त्यांनी वापरलेले वाण फ्लेमिंग यांच्याच बुरशीचे होते. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना प्राणघातक जंतू टोचले. त्यांपैकी ज्या चार उंदरांना पेनिसिलिन दिले, ते वाचले. उरलेले चार रात्रीतच मेले. हा निबंध वाचून फ्लेमिंग ऑक्सफर्डला गेले, तेव्हा चेन यांना आश्चर्याचा धक्का बसला. कारण पेनिसिलिनचा संशोधक कधीच निवर्तला असावा, अशी त्यांची समजूत होती.

फेब्रुवारी १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायाला हे औषध प्रथम देण्यात आले. चेहऱ्यावरील जखमेतून स्टॅफिलोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस हे दोन्ही जंतू त्याच्या शरीरात पसरले होते. डोके गळवांनी भरले होते आणि एक डोळा काढावा लागला होता. औषध सुरू होताच चोवीस तासांत उतार पडू लागला, ताप गेला, भूक लागली. परंतु औषधाचा साठा अपुरा होता. रुग्णाच्या लघवीतून पेनिसिलिन परत मिळवून तेही टोचण्यात आले. पाचव्या दिवशी तेही संपले. रोग पुन्हा उलटला आणि १५ मार्च १९४१ रोजी त्या शिपायाचा मृत्यू झाला. औषध गुणकारी असूनही पुरेसे मिळाले नाही, तर जंतू पुन्हा डोके वर काढतो, हा धडा जगाने या पहिल्याच रुग्णाकडून घेतला.

युद्धकाळात ब्रिटनमध्ये मोठा कारखाना उभारणे शक्य नव्हते. फ्लोरी आणि हीटली अमेरिकेस गेले. तेथे मक्याच्या प्रक्रियेतील अर्कावर बुरशी भरभरून वाढते असे आढळले आणि पिओरिया शहरात एका खरबुजावर अधिक पेनिसिलिन देणारे वाण सापडले. नोव्हेंबर १९४२ मध्ये बॉस्टन शहरातील एका क्लबला लागलेल्या भीषण आगीतील भाजलेल्या रुग्णांना, कातडी बसवताना होणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या संसर्गापासून वाचवण्यासाठी, हे औषध धाडण्यात आले. १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, तेव्हा जखमी सैनिकांसाठी पुरेसे पेनिसिलिन तयार होते. पहिल्या महायुद्धात फ्लेमिंग यांनी ज्या जखमांपुढे हात टेकलेले पाहिले होते, तशाच जखमा होऊनही हजारो जवान आता घरी परतले.

या यशाच्या श्रेयावरून मात्र कटुता निर्माण झाली. फ्लेमिंग यांनी ऑगस्ट १९४२ मध्ये फ्लोरी यांच्याकडून मिळालेल्या पेनिसिलिनने मेंदूच्या आवरणाचा दाह झालेला एक मरणासन्न रुग्ण बरा केला. वृत्तपत्रांत या औषधाविषयी लिहून आल्यावर त्याचे श्रेय फ्लेमिंग यांचे असल्याचे राइट यांनी पत्राद्वारे जाहीर केले. पत्रकारांची सेंट मेरीजकडे रीघ लागली, तर फ्लोरी यांनी त्यांना दार बंद केले. त्यामुळे ऑक्सफर्डच्या चमूचे परिश्रम सामान्य जनतेपासून बराच काळ दूर राहिले. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना विभागून मिळाले, हा न्यायच होता. हीटली यांचे नाव मात्र त्यात नव्हते.

फ्लेमिंग यांच्याविषयी एक आख्यायिका आजही हौसेने सांगितली जाते. त्यांच्या वडिलांनी बालपणीच्या विन्स्टन चर्चिल यांना बुडताना वाचवले, त्याची परतफेड म्हणून चर्चिल कुटुंबाने फ्लेमिंग यांचे शिक्षण केले आणि पुढे पेनिसिलिननेच चर्चिल यांचे प्राण वाचले, अशी ती कथा आहे. तिच्यात तथ्य नाही. शिक्षण काकांच्या वारशावर झाले आणि १९४३ मधील चर्चिल यांच्या न्यूमोनियावर सल्फा गटातील औषध देण्यात आले होते.

सन्मान आणि इशारा

१९४४ मध्ये फ्लेमिंग यांना सर हा किताब मिळाला. जगभरच्या विद्यापीठांनी त्यांना गौरवले. स्पेनमध्ये तर बैलांच्या शिंगांनी झालेल्या जखमांतून वाचलेल्या झुंजवीरांच्या वतीने माद्रिदच्या झुंजीच्या मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभारण्यात आला. पेनिसिलिनचे पेटंट त्यांनी घेतले नाही. गौरवाच्या या वर्षावातही ते सेंट मेरीजच्या प्रयोगशाळेत नियमाने जात राहिले. १९४९ मध्ये पत्नीचे निधन झाले. १९५३ मध्ये त्यांनी ग्रीक सहकारी डॉ. अमालिया कुत्सुरी-वुरेका यांच्याशी विवाह केला. ११ मार्च १९५५ रोजी लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये त्यांच्या अस्थी विसावल्या आहेत.

त्याच काळात पेनिसिलिन महाराष्ट्राच्या भूमीवर तयार होऊ लागले होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. परदेशातून महागड्या दराने येणारे औषध आता देशात बनू लागले. ग्रामीण महाराष्ट्रात पेन्सिलीनची सुई हा शब्द घरोघरी पोचला आणि काळपुळी, बाळंतज्वर किंवा चिघळलेली जखम म्हणजे मरण, हे समीकरण हळूहळू पुसले गेले.

परंतु फ्लेमिंग यांनी आपल्या हयातीतच एक धोका ओळखला होता. नोबेल पारितोषिक स्वीकारल्यानंतरच्या व्याख्यानात त्यांनी औषधाच्या अपुऱ्या मात्रेबद्दल जगाला सावध केले. जंतू मरणार नाहीत इतक्या कमी प्रमाणात औषध दिले, तर ते औषधाला सरावतात आणि मग असे सरावलेले जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यामुळे ज्याने औषध निष्काळजीपणे घेतले, त्याच्या चुकीची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागते, हे त्यांनी उदाहरणासह समजावून सांगितले होते.

हा इशारा खरा ठरण्यास फार काळ लागला नाही. पेनिसिलिनचे तुकडे करणारे द्रव्य निर्माण करणारे स्टॅफिलोकॉकस रुग्णालयांत पसरू लागले. मेरी बार्बर या संशोधिकेने लंडनच्या एका रुग्णालयात केलेल्या पाहणीत १९४८ पर्यंत निम्म्याहून अधिक नमुने पेनिसिलिनला दाद देत नसल्याचे आढळले. त्यावर उपाय म्हणून मेथिसिलिन हे नवे औषध आले, तर १९६१ मध्ये त्यालाही न जुमानणारा जंतू ब्रिटनमध्ये नोंदला गेला. एमआरएसए या नावाने तो आज जगभरच्या रुग्णालयांना सतावतो आहे. एका जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात या जंतूच्या औषधरोधामुळे एक लाखाहून अधिक मृत्यू झाले. ज्या जंतूमुळे पेनिसिलिनचा शोध लागला, त्याच्या बहुतांश वाणांवर आज साधे पेनिसिलिन चालत नाही.

नवे प्रतिजैविक शोधण्यास दशके लागतात आणि असलेले वाया घालवण्यास काही वर्षे पुरतात. म्हणूनच फ्लेमिंग यांच्या कामातील दुसरा, फारसा न सांगितला जाणारा भाग आज अधिक मोलाचा ठरतो. औषधाआधी जखमेची स्वच्छता, हे त्यांनी बुलोन येथे काचेच्या नळीतून दाखवून दिले होते. कुरुंद्यासारख्या गावात आजही तेच लागू पडते. जखम झाली की ती वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी, कोरड्या स्वच्छ कापडाने झाकावी. हळदीत जंतुरोधक गुण असले, तरी डब्यातील हळद निर्जंतुक नसते, त्यामुळे खोल जखमेत ती भरू नये. गळू पिळू नये, विशेषतः नाकाच्या आणि वरच्या ओठाच्या भागातील. तेथील जंतू मेंदूच्या दिशेने जाण्याचा धोका असतो. पिकलेल्या गळवाचा पू डॉक्टरांकडून काढून घेणे हाच अनेकदा मुख्य उपचार असतो आणि गोळ्यांचे स्थान त्यानंतरचे. एकाचा टॉवेल आणि वस्तरा दुसऱ्याने वापरू नये. गळवे वारंवार होत असतील, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. हाताला पुवाची जखम असलेल्याने खव्याच्या वा दुधाच्या मिठाईला हात लावू नये. कारण या जंतूचे विष उकळूनही नष्ट होत नाही आणि लग्नाच्या पंगतीतील विषबाधांमागे ते असू शकते. लाली पसरत असेल, ताप किंवा थंडी वाजत असेल, तर आरोग्य केंद्र गाठण्यास विलंब लावू नये.

औषधांच्या बाबतीत पथ्य तितकेच सोपे आहे. ज्या गोळ्यांच्या पाकिटावर लाल रेघ असते, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नसतात. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा आणि सांगितलेले दिवस पाळावेत, दोन गोळ्यांनी बरे वाटले म्हणून उरलेल्या पुढच्या आजारासाठी किंवा शेजाऱ्यासाठी राखून ठेवू नयेत. साध्या सर्दी-पडशाला प्रतिजैविकांचा उपयोग नसतो. तिथे ती मागूही नयेत. भारत सरकारने २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवणे औषध दुकानदारांना बंधनकारक केले आहे. परंतु कायद्याची खरी अंमलबजावणी रुग्णाच्या आणि दुकानदाराच्या हातात असते.

फ्लेमिंग यांच्या वाट्याला पैसा फारसा आला नाही, कीर्ती मात्र कदाचित वाजवीपेक्षा जास्त आली. त्यांचे शुद्ध श्रेय तपासू गेल्यास त्यात फ्लोरी, चेन, हीटली आणि कित्येक अनामिकांचा वाटा निघतो. तरी एक गोष्ट निर्विवादपणे त्यांची आहे. फेकून देण्याच्या लायकीची ठरलेली तबकडी त्यांनी फेकली नाही आणि तिच्यावरील बुरशी त्यांनी अनास्थेच्या दहा वर्षांत जिवंत ठेवली. त्यांनी जपलेले ते वाण जगाच्या उपयोगी पडले. त्यातून निर्माण झालेल्या औषधांचे बळ टिकवणे आता ती वापरणाऱ्यांचे काम आहे.